प्रेमाचे खाते

लग्न लागताना पाळकसाहेब हमखास करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय काढतात. प्रीतीचा अध्याय! नवरानवरी तो अशा चेहऱ्याने ऐकतात, की पौलाने जणू त्यांना आहेरच पाठवला आहे. पण पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास हे पत्र लिहिले, ते कुणाच्या लग्नासाठी नव्हे. करिंथची मंडळी भांडत होती, म्हणून. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, असे तट पडलेले. भाऊबंद एकमेकांना कोर्टात खेचत होते आणि प्रभुभोजनाला एक जण पिऊन तर्र, तर दुसरा उपाशी. थोडक्यात, आमच्या मंडळीची वार्षिक सभाच म्हणा ना! (मंडळी म्हणजे देवळातली. घरच्या मंडळीची सभा रोज असते.)

त्या अध्यायात पौल म्हणतो, की प्रीती झाल्या अपकाराचा हिशेब ठेवीत नाही. मूळ ग्रीक शब्दही व्यापाऱ्यांच्या जमाखर्चातलाच आहे. पौल तंबू शिवून पोट भरायचा, उधारी त्याला ठाऊक असणार. पण नोंदी करण्याचाच पगार खाणाऱ्या माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाने हे जमवायचे कसे?

नऊ वर्षांपूर्वी मी मंडळीचा खजिनदार होतो. एका काकांनी भर सभेत विचारले, "नाताळच्या हिशेबातले चाळीस रुपये कुठे गेले? तुम्ही तर बँकेतले!" रुपये मांडवाच्या सुतळीत गेले होते, पावती सापडेना. त्या दिवशी मी मनात काकांचे खाते उघडले. माझ्या 'जय ख्रिस्त'ला नुसतीच मान हलवली, लिहा नावे. माझ्या बाकावर बसले, लिहा नावे. व्याज अर्थात चक्रवाढ.

मग आई दवाखान्यात पडली. दोन दिवस सगळी मंडळी लोटली. प्रार्थना झाल्या, मोसंबी साठली. तिसऱ्या दिवसापासून उरले फक्त काका. रोज साडेबाराला डबा घेऊन हजर! अकरा दिवस. बोलणे एवढेच, "भात मऊ केलाय. डबा धुऊन ठेवा." आईला घरी सोडले त्या दिवशी मी गहिवरून आभार मानू लागलो, तर म्हणाले, "ते राहू द्या. ती पावती सापडली का?"

म्हणजे मी त्यांना आवडत नव्हतोच! तरी डबा येत होता. माझा आजवरचा समज असा, की आधी माणूस आवडायला हवा, प्रेम मागाहून. काकांनी पहिली पायरीच गाळली होती. आवड काय, कधी असते, कधी नसते. भूक मात्र रोज साडेबाराला लागते.

मी खाते बंद करायचे ठरवले. वसूल न होणारी रक्कम बँक राइट-ऑफ करते, तसे. पण वहीतून गेलेले डोक्यातून जात नाही, त्यामुळे हे काम दर रविवारी नव्याने करावे लागते. काका अजून माझ्याच बाकावर येऊन बसतात. मी थोडा सरकतो.

पावती अजून सापडलेली नाही.