सत्तर चौरस फूट

हिंगणघाटच्या आमच्या जुन्या घरात पूर्वी सागवानी फळ्यांचा माळा होता. दादामियांनी घातलेला. कवेलू जाऊन टिना आल्या तेव्हा माळा उतरवला आणि फळ्या मागच्या खोलीत रचून ठेवल्या. इतक्या वर्षांत उधईने दाराची एक चौकट खाल्ली, पण या फळ्यांना तोंड लावले नाही. जुन्या सागाच्या गाभ्याचे असेच असते. गाभ्याबाहेरचे पांढरे लाकूड मात्र ती सोडत नाही.

या फळ्या रंधून बैठकीत आणि लगतच्या खोलीत लाकडी जमीन करावी, असे गेल्या हिवाळ्यात आम्ही ठरवले. आम्ही म्हणजे भाईजान आणि उर्दू शाळेत शिकवणारा धाकटा. या गोष्टीत दोघांचा दोष सारखाच, म्हणून ‘आम्ही’ म्हणणेच बरे. कारण सांगितले ते अम्मींच्या गुडघ्यांचे. थंडीत शहाबादी फरशीवर नमाजला बसणे त्यांना सोसत नाही. भाईजानच्या मुलाचे लग्न ठरत होते आणि पाहुणे घर बघायला येणार होते, हे कारण आम्ही एकमेकांनाही सांगितले नाही.

मिस्त्रीने आधी फरशी पाहिली. ती मधोमध उचलली होती. खाली काळी माती. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आपल्या वर्धा जिल्ह्यात जुन्या घराची फरशी सरळ राहिली तर नवल. फरशी काढून खाली मुरूम ठोकायचा, वर काँक्रीट, त्यावर ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद, मग लाकडी पट्ट्या आणि त्यांवर फळ्या, असा त्याचा हिशेब. म्हणाला, “फळ्या पंधरा-वीस दिवस याच खोलीत पडू द्या, सर. नाही तं पावसाळ्यात फुगतीन अन् उचलतीन. अन् भितीजवळ अर्धा इंच जागा सोडाच लागते.”

खर्चाचा आकडा ऐकून आम्हाला पहिल्यांदा इसराफ आठवला. त्याच महिन्यात शाळेची सहल सेवाग्रामला गेली. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. बापूकुटीची सारवलेली जमीन पाहून सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, इथे फरशी का नाही?” उत्तर देताना आमची जीभ अडखळली. आठ दिवस आम्ही उधळपट्टीवरच विचार करत होतो, आणि आपण फार प्रामाणिक विचार करत आहोत असे वाटत होते. आता कळते, तो अपराध सोयीचा होता. दोन पट्ट्या कमी केल्या, पॉलिश स्वस्तातले घेतले की मन हलके होणार होते.

मिस्त्रीने टेप लावून कागदावर 400 चौरस फूट लिहिले. तो कागद खिशात घेऊन धाकटा वर्गात अपूर्णांक शिकवायला गेला आणि सवयीने मनात भाग पाडू लागला. अब्बांना जाऊन नऊ वर्षे झाली. अम्मींचा आठवा हिस्सा, म्हणजे 50 फूट. उरलेले 350. मुलाला दोन, मुलीला एक. भाईजान 140, धाकटा 140, आपा 70.

आपाचे सत्तर फूट आम्ही न विचारता खोदायला निघालो होतो. फळ्यांतही तिचा वाटा होताच.

भाईजान म्हणाले, “आपाने कधी मागितले का?” अम्मी म्हणाल्या, “तिच्या लग्नात आपण काय कमी केले?” मोहल्ल्यात कोणालाही विचारा, हीच दोन वाक्ये ऐकू येतील. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. लग्नात दिले ती भेट होती. भेटीने देणे फिटत नाही. शिवाय तेव्हा अब्बा हयात होते, वारसा उघडलाच नव्हता. पहिले वाक्य अवघड आहे. न मागितलेला हक्क सोडलेला समजावा का? शरीयतमध्ये हिबासुद्धा ताबा दिल्याशिवाय पुरा होत नाही. जे आपाच्या हातात कधी पडलेच नाही, ते तिने आम्हाला दिले कसे? आणि मागितले असते तर ईदला तिला कोणत्या चेहऱ्याने दार उघडले असते, हे तिलाही ठाऊक आणि आम्हालाही. माहेर टिकावे म्हणून गप्प राहणे ही रजामंदी नव्हे.

हे केवळ आपल्याच घरांत चालते असे नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी आमच्या सहकाऱ्यांच्या घरांतही आहेत. पण आमचा हिस्सा तर कुरआननेच ठरवून दिलेला. 1937 च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली, घर नव्हे. दहेजविरुद्ध आम्ही शाळेत भाषणे केली आहेत. या वाट्यावर एकही नाही.

शेवटी आम्ही आपाकडे पुलगावला गेलो. वाटले होते, ती खूश होईल. ती चिडली. “आता हिशेब करून मला तोडता का?” म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. हक्क देणेही अपमानासारखे वाटावे, इतकी वर्षे आम्ही तो दाबून ठेवला होता. काय बोलावे ते आम्हाला सुचेना. भाईजान भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

निघताना दुलाभाई फाटकापर्यंत आले. भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे आणि फीसाठी आपा दागिने मोडणार आहे, हे त्यांनी खालच्या आवाजात सांगितले. आपाने आमच्याकडे शब्दही काढला नव्हता.

घराची किंमत काढायला माणूस येऊन गेला आहे. त्याने सांगितलेला आकडा, फीची पहिली रक्कम आणि अम्मींचा निरोप घेऊन भाईजान या जुम्म्यानंतर पुन्हा पुलगावला जातील. अम्मींसाठी जाड सतरंजी आणली आहे. फळ्या बैठकीतच भिंतीला लावून ठेवल्या आहेत. मिस्त्रीचे दोनदा फोन आले. आपा स्वतः येऊन बघेल, मग कळवतो, असे त्याला सांगितले आहे.