मिळाल्यानंतरचे कर्म

फळ हाती येण्यापूर्वी माणसाने कसे वागावे, याचा विचार नीतिशास्त्राने विपुल केला आहे. फळाची निश्चिती झाल्यावर जे काम शिल्लक राहते ते कोणत्या वृत्तीने करावे, हा प्रश्न मात्र सहसा किरकोळ समजला जातो. वस्तुतः माणसाचे आपल्या कामाशी असलेले नाते या दुसऱ्या प्रसंगीच उघड होते. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात शिकून विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाची जी बृहद् योजना स्वीकारली, तिच्यात तीन पायऱ्या कल्पिलेल्या होत्या. शाळा पुरी करणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांशासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशासाठी राज्य महाविद्यालये, आणि शिकू इच्छिणाऱ्या सर्वांसाठी, गुणांची अट न घालता, दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे. पहिली दोन वर्षे तेथे पुरी करून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात दाखल होण्याची वाट या योजनेने मोकळी ठेवली. शाळेत मागे पडलेला, मध्येच नोकरीला लागलेला, देशात नव्याने आलेला, अशा अनेकांच्या दृष्टीने ही दुसरी संधी असते. असा विद्यार्थी आदल्या वर्षाच्या शरद ऋतूत अर्ज करतो आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा निर्णय त्याला साधारणतः एप्रिलअखेरपर्यंत कळतो. वसंत सत्र मात्र मे-जूनपर्यंत चालू असते. निर्णय आणि सत्रसमाप्ती यांच्यामधल्या या थोड्या आठवड्यांत अभ्यासाचे काय होते, हा येथे विचाराचा विषय आहे.

हा प्रवेश सशर्त असतो. अर्जात चालू वा नियोजित म्हणून दाखवलेले अभ्यासक्रम पुरे करावे लागतात, गुणांची ठरावीक पातळी राखावी लागते आणि अंतिम गुणपत्रक मुदतीत पोचवावे लागते. या अटी कागदापुरत्या नाहीत. २०१७ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेने सुमारे ५०० प्रवेश रद्द केले. टीका झाल्यावर तेथील प्रमुखांनी क्षमा मागितली आणि गुणपत्रके पोचण्यातील त्रुटींमुळे नाकारलेल्यांना पुन्हा सामावून घेण्याचे जाहीर केले. ज्यांचे अखेरच्या वर्षाचे गुण घसरले होते, त्यांच्यासाठी अपिलाचा मार्ग ठेवण्यात आला. हा प्रसंग शाळेतून थेट येणाऱ्यांच्याही वाट्याला आला होता. परंतु उशिरा पोचलेला कागद आणि मध्येच सोडलेला अभ्यास यांत नैतिक अंतर आहे, एवढे त्या गोंधळातही ओळखले गेले.

तथापि, अट राखते ती केवळ किमान पातळी. उत्तम श्रेणी मिळवण्याची कुवत असलेला विद्यार्थी जेमतेम श्रेणीवर उतरला, तरी पुष्कळदा अट मोडत नाही. शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठ बाहेरून आणलेले अभ्यासक्रम मान्य करते, पण त्यांतील श्रेणी आपल्या नव्या सरासरीत धरत नाही. पुढे एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम जुनी गुणपत्रके मागवील, हे खरे. एरवी किमान रेषेच्या वर घेतलेल्या कष्टांना व्यवहारात फारशी किंमत उरत नाही. कांटने १७८५ मधील आपल्या ग्रंथात दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. अजाण गिऱ्हाइकाला तो फसवत नाही, परंतु त्यात त्याचा धंद्याचा हिशेब असू शकतो. अशी कृती कर्तव्याला अनुसरून असली तरी कर्तव्यबुद्धीने झालेली असेलच असे नाही. एप्रिलपर्यंत झालेल्या अभ्यासाबद्दल हाच संशय घेता येतो. एप्रिलनंतर हिशेबाचे कारण जवळजवळ संपते, आणि अभ्यास कशाच्या आधारावर उभा होता हे स्वतः विद्यार्थ्यालाच प्रथम कळते.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. कम्युनिटी कॉलेजातील पुष्कळ विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकतात. कित्येकांच्या अंगावर संसार असतो. दोन-तीन वर्षांच्या ओढाताणीनंतर अशा एखाद्याने थोडा श्वास घेतला, तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला? विश्रांती हा दोष नव्हेच. थकलेला माणूस काम बाजूला ठेवतो, तेव्हा ते काम त्याच्या लेखी मोलाचेच असते. मिळवायचे ते मिळाले म्हणून जो काम टाकतो, त्याच्या लेखी ते मुळात साधनापुरतेच होते, असा त्याचा अर्थ होतो. गुणपत्रकावर दोघांची श्रेणी कदाचित एकच दिसेल. परंतु नैतिक विचाराने त्यांना एका मापाने मोजू नये.

साधनाची ही कल्पनाही पुरती टिकत नाही. वसंतात अर्धवट सोडलेले गणित शरदात वरच्या वर्गात पुन्हा समोर उभे राहते. तेथे श्रेणी विचारली जात नाही, समज विचारली जाते. शिवाय अर्जातील नियोजित अभ्यासक्रमांची यादी हा एक शब्द होता. त्या शब्दावर विश्वास ठेवून विद्यापीठाने एक जागा दिली, आणि ती दुसऱ्या कोणाला तरी मिळाली नाही.

सर्वांत सूक्ष्म ऋण मात्र आणखी निराळे आहे. ज्या विद्यापीठाने अटी घातल्या, त्याच्या धाकाने विद्यार्थी किमान अभ्यास करतो. ज्या कॉलेजाने कोणतीही अट न घालता त्याला आत घेतले, त्याच्याच वर्गात त्याची हेळसांड घडते. तेथील अध्यापक त्याच तन्मयतेने शिकवत असतो. प्रयोगशाळेत शेजारी असा सहाध्यायी असतो, ज्याचा अर्ज अजून व्हायचा आहे. अर्धे लक्ष देऊन केलेल्या प्रयोगाची झळ त्यालाही लागते.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त याच स्वरूपाचा प्रश्न फार वरच्या भूमिकेवरून हाताळला आहे. ज्ञानप्राप्तीनंतर ज्ञानी पुरुषाने कर्म सोडावे की करीत राहावे? स्वतःसाठी मिळवायचे काही उरले नसले, तरी लोकसंग्रहासाठी त्याने कर्म करीत राहावे, असा त्यांचा निर्णय आहे. प्रवेशपत्र मिळालेला विद्यार्थी काही सिद्ध पुरुष नव्हे. त्याला मिळवायचे अजून पुष्कळ आहे. तरीही, एका लहान प्रमाणात, तोच प्रश्न त्याच्यापुढे येतो. आपले साधले म्हणून जो थांबतो, तो त्या खुल्या दाराला केवळ पायरी मानतो. जो शेवटच्या तासापर्यंत आपल्या बाकावर वही उघडून बसतो, तो त्या दाराला शाळा मानतो. ते दार पुढेही उघडे राहावे, यात त्या वहीचाही वाटा असतो.