सोंगाचे भूत

रविवारी दुपारी साडेचारला आमच्या मोहल्ल्यातले सगळे पोट्टे एकाच घरी जमत. आमचे गाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते, कारण गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ला. टीव्ही होता राईस मिलवाल्यांकडे. अँटेना बांबूला बांधलेला, वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग कोणीतरी कवेलूंवर चढायचा, बांबू फिरवायचा आणि खालून ओरडा व्हायचा, ‘आला आला, राहू दे!’

आला म्हणजे बेताळ. १९८५ साली दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ सुरू केली. अरुण गोविल विक्रम, आणि पांढऱ्या जटा सोडून त्याच्या पाठीवर बसणारे सज्जन हे बेताळ. दीपिका चिखलिया, सुनील लहरी, अरविंद त्रिवेदी हेही त्या मालिकेत होते. जानेवारी १९८७मध्ये हीच मंडळी ‘रामायण’ घेऊन आली तेव्हा मोठ्यांनी टीव्हीला हार घातले. आम्हाला मात्र राम ओळखीचा होता तो खांद्यावर भूत वाहणारा माणूस म्हणून.

मालिका पाचला संपायची तेव्हा उन्हे अजून अंगणात असायची. हे मला आज महत्त्वाचे वाटते. पोरांना भूत दिवसाउजेडी भेटत होते, आजी, काकू, मिलमधले हमाल अशा वीसपंचवीस माणसांच्या मध्ये. आणि ते संपल्याबरोबर अंगणात दुसरा प्रयोग सुरू व्हायचा. विक्रम कोणी व्हायचे यावर आमच्यात कधीच भांडण झाले नाही, भांडण व्हायचे ते बेताळावरून. बेताळाला वजनाने हलके असावे लागे, खदाखदा हसता यावे लागे आणि मुख्य म्हणजे गोष्ट सांगून एक अवघड प्रश्न विचारता यावा लागे. प्रश्न सुचला नाही की विक्रम त्याला सरळ धानाच्या तणसीत टाकून द्यायचा. एकदा मालिकेच्या ऐन मध्यात वीज गेली. आता बेताळ काय विचारतो म्हणून सगळे बंद पडद्यासमोर ताटकळले, तर आजीने तिला येणारी ‘वेताळपंचविशी’तली वेगळीच गोष्ट लावून दिली. मेलेल्या मुलीच्या राखेवर झोपणारा एक, अस्थी गंगेला नेणारा दुसरा आणि मंत्र शिकून तिला उठवणारा तिसरा; नवरा कोण? विक्रम म्हणतो, जिवंत करणारा बाप, अस्थी नेणारा मुलगा, राखेवर झोपणारा नवरा. आजीला हा निवाडा मान्य नव्हता. ‘राखेवर झोपून राहिला तो? त्याले कामधंदा नोहोता का?’ वीज आली तरी हा वाद मिटला नाही.

लहान मुलांसाठी भुताची मालिका असावी का, हा प्रश्न मला माझ्या एका मित्राने विचारला म्हणून हे सगळे आठवले. तो अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करतो, शाळाशाळांतून चमत्कारांची पोल उघडी करतो. ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेटने ‘मंत्राचा’ अग्नी पेटवून दाखवला की मुले आधी हरखतात, मग कृती विचारतात. त्याचे म्हणणे साधे आहे: एकीकडे आम्ही भूत नाही म्हणून सांगायचे आणि दुसरीकडे तुम्ही ते पोरांच्या घरात पाठवायचे! आमच्या भागात हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०२१मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण केली. त्यांत बाया होत्या, म्हातारी माणसे होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३चा, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो विधिमंडळाने संमत केला त्याच वर्षी डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात. म्हणजे कायदा होऊन सात वर्षे उलटल्यावरची ही मारहाण.

तरी माझे मत मित्राच्या विरुद्ध आहे. वणी खुर्दला ज्याच्या नावाने माणसांना मारहाण झाली ते भूत गोष्टीतले नव्हते. ते होते ‘हे खरे आहे’ असे सांगणाऱ्याचे. भुतांच्या या दोन जाती आहेत. एक सोंगाचे: ते रंगवलेले असते, त्याला वेळ ठरलेली असते, आत कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही अंगावर काटा येतो. दुसरे दाव्याचे: त्याला चेहरा नसतो, वेळ नसते, ते कोणाच्याही म्हाताऱ्या आईत निघू शकते. पहिले पुरेसे पाहिलेल्या मुलाला दुसरे विकायला जरा जड जाते, असा माझा समज आहे. स्वतः बेताळ होऊन दुसऱ्याच्या पाठीवर बसलेला पोरगा पुढे कोणी अंगात आल्याचे नाटक करू लागला तर निदान हसणे तरी रोखू शकणार नाही.

आमच्याकडे हे शिक्षण टीव्हीच्या कितीतरी आधीचे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत घ्या. नागपूरची काळी मारबत १८८१पासूनची आणि पिवळी १८८५पासूनची, म्हणून तिचे फोटो पेपरात येतात. पण पूर्व विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ती बिनफोटोची निघते. पोवारी बोलीत तिला नारबोद म्हणतात. बांबूच्या कामट्या, जुने कपडे, कागद, थोडा रंग. पोरे आदल्या रात्रीपासून ती बांधताना पाहतात, सुतळी धरून ठेवतात, डोळे कुठे काढायचे यावर मते देतात. सकाळी खोकला, खरूज, ढेकूण, डास, जे जे म्हणून त्रासाचे आहे ते सगळे घेऊन जा, असे बेंबीच्या देठापासून ओरडत तिला शिवेबाहेर नेतात आणि जाळतात. आपणच केलेली राक्षसीण आपणच पोचवून यायची. तिला घाबरतही असत पोरे, मला चांगले आठवते; मी स्वतः तिच्या तोंडाकडे बघत नसे. पण तिच्या पोटात कोणाच्या बापाचे फाटके धोतर आहे हे मला ठाऊक होते.

शहरी मराठी मुलांना हेच रंगभूमीने दिले. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये ‘लिटल थिएटर’ काढले आणि रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’त चेटकीण स्वतःच रंगवली. पुढे ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले, २०१८च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले. चेटकिणीला ‘येऊ नको’ म्हणून ओरडणारी आणि पडदा पडल्यावर तिच्याचबरोबर फोटो काढायला रांग लावणारी मुले तीच असतात. यात मला काहीच विसंगती दिसत नाही.

अमेरिकेने १९६९मध्ये या प्रश्नाचे वेगळे उत्तर काढले. ‘स्कूबी डू’त दर भागाच्या शेवटी भुताचा मुखवटा ओढला जातो आणि आतून कोणी लबाड मालक नाहीतर ठेकेदार निघतो. कार्टून नेटवर्कमुळे आपल्याकडची नव्वदनंतरची मुले यावरच वाढली, आणि माझ्या मित्राला हा नमुना अर्थातच पसंत आहे. मलाही आवडतो. पण चौथ्या भागापासून मुखवटा निघणार हे इतके पक्के होते की भीतीच उरत नाही, आणि भीती नाही तिथे धीर कशाचा दाखवायचा? बेताळ मुखवटा काढत नाही. तो खरेच झाडाला लटकतो, खरेच बोलतो, आणि वर अट घालतो: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, बोललास तर मी चाललो. म्हणजे राजाला दर वेळी हरायचे असते ते खरे बोलून. पोरांना हे बरोबर कळत होते. ‘चांदोबा’त के. सी. शिवशंकरन, म्हणजे चित्रकार शंकर, यांनी काढलेला तो राजा, एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत, मूळच्या पंचवीस गोष्टी केव्हाच संपल्या तरी दशकानुदशके चालतच राहिला. मासिकाला नव्या गोष्टी रचाव्या लागल्या, कारण वाचकांचे प्रश्न संपत नव्हते.

टीव्हीवर खरे नुकसान झाले ते भुताच्या मालिकांनी नव्हे, बातम्यांनी, असे म्हणायला माझी हरकत नाही. मे २००१मध्ये दिल्लीत ‘मंकी मॅन’ अवतरला. कोणी म्हणे केसाळ, कोणी म्हणे हेल्मेट घातलेला. कोणी पाहिला नाही आणि सगळ्यांनी पाहिला. लोक घाबरून गच्च्यांवरून पडले. त्या राक्षसाला नट नव्हता, रंगभूषा नव्हती, साडेचार ते पाच अशी वेळ नव्हती. पुढे झपाटलेल्या हवेल्यांचे ‘विशेष वृत्त’ रात्री दहाला, ठार गंभीर चेहऱ्याने सांगितले जाऊ लागले. आज तेच फोनवर, पांघरुणात, एकेकट्या मुलापाशी पोचते. ‘सत्य घटना’ ही दोन शब्दांची पाटी बेताळावर कधी लागली नव्हती.

आणि मूळ गोष्टीचा शेवट किती जणांच्या लक्षात आहे? राजाला स्मशानात पाठवतो तो एक साधू. रोज फळ आणून देणारा, त्या फळात रत्न दडवणारा, गोडबोल्या. भूत राजाची पुन्हा पुन्हा परीक्षा घेते आणि अखेरीस त्याला सांगते की तो बुवा तुझाच बळी देणार आहे. तुला वाकून नमस्कार करायला सांगेल, तर म्हण की मी राजा आहे, मला वाकणे ठाऊक नाही, आधी तू करून दाखव. भूत खरे बोलते आणि भगवी वस्त्रे खोटे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात ‘कथासरित्सागरा’त ही गोष्ट घातली, तेव्हा त्याच्यासमोर आपला जादूटोणाविरोधी कायदा नव्हता. पण कायद्याला पोरांसाठी याहून चांगली प्रस्तावना मला तरी सापडलेली नाही.

म्हणून मित्राला एक विनंती आहे. दिवाळीनंतर धान कापून झाला की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्ररात्र नाटके होतात. पोरे तिथे असतातच, आईच्या मांडीवर पेंगत. तुझ्या ग्लिसरीनच्या बाटलीबरोबर एखाद्या मंडईत दुपारी अर्ध्या तासाचा बेताळही उभा कर, झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत, जे जमेल त्यात. रंगवायचा उघड्यावर, पोरांसमोर. शेवटचा प्रश्न त्यांनाच विचार, आणि बुवाचे काम एखाद्या चांगल्या नटाला दे. विक्रमासाठी खांदा मी शोधून देतो. माझा आता दुखतो.