सामायिक सावलीची कैफियत

ज्या नगरांना अनेक शतकांचे आयुष्य लाभलेले असते, त्यांची स्मृती जपण्याचा सारा भार तेथील वृद्धांच्या शिरावर पडत नाही. तट, बुरूज, देवालये, पेठांची जुनी नावे, सनदा, खरेदीखते आणि महसुलाची दप्तरे ही आपापल्या परीने भूतकाळाची साक्ष देत राहतात, आणि म्हणून एखादा वृद्ध गृहस्थ आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगू लागला, तर त्याच्या सांगण्याला दुजोरा देणारा एखादा दगड तरी जवळपास उभा असतो. परंतु जे नगर एका मनुष्याच्या आयुष्यमर्यादेत पंचवीसपट झाले, ज्याने आपली शेते मोडून घरे उठवली, जुनी नाट्यगृहे पाडून रिकामे चौक केले आणि ज्या नदीमुळे ते वसले तिचे पात्र कोरडे पाडले, त्या नगराची स्मृती राहणार कोठे? अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स हे असे नगर आहे. १९४० च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या ६५,४१४ होती; २०२० मध्ये ती १६,०८,१३९ भरली. १९५० साली सुमारे १७ चौरस मैलांत सामावणारे हे गाव आज ५०० हून अधिक चौरस मैलांवर पसरले आहे, आणि त्याचा पूर्वेतिहास पुष्कळ अंशी आता केवळ तेथील जुन्या रहिवाशांच्या बोलण्यातच शिल्लक आहे.

हे जुने रहिवासी काय सांगतात? मार्च महिन्यात संत्र्यांच्या बागा फुलल्या की कॅमलबॅक डोंगराच्या पायथ्यापासून साऱ्या वस्तीत परिमळ दरवळत असे, असे ते सांगतात. कालव्यांच्या दुतर्फा कॉटनवुडचे प्रचंड वृक्ष उभे होते, त्यांच्या सावलीत मुले पोहत आणि मोठी माणसे गप्पा करीत, असे ते सांगतात. उन्हाळ्याच्या रात्री सारे कुटुंब जाळीच्या ओसरीवर खाटा टाकून निजत असे. कोणी ओल्या चादरी पांघरून घेत, तर कोणी किडामुंगी वर चढू नये म्हणून खाटेचे खूर पाण्याच्या डब्यांत ठेवीत. आणि उत्तररात्री वाळवंटाकडून असा गार वारा सुटे की पहाटे अंगावर आणखी काही ओढून घ्यावे लागे, हेही ते आवर्जून सांगतात. दक्षिणेकडील डोंगराच्या छायेत, बेसलाइन रस्त्याच्या कडेने जपानी कुटुंबांनी फुलवलेले फुलांचे मळे पाहण्यासाठी वसंतात गाड्यांची रांग लागे. १९५७ साली एका गोठ्याच्या जागेवर पार्क सेंट्रल नावाची बाजारपेठ उभी राहिली, तेव्हा गाव फार लांबवर गेले असे लोकांना वाटले. आणि १९७५ मध्ये फॉक्स नाट्यगृह पाडले गेले, तेव्हा पुष्कळांना आपल्या तारुण्याचा एक कोपराच उद्ध्वस्त झाल्याचे दुःख झाले.

अशा आठवणींकडे पाहण्याच्या दोन रीती सर्वत्र रूढ आहेत. कित्येक लोक त्या ऐकून क्षणभर गहिवरतात आणि विसरून जातात. कित्येक त्यांना वार्धक्याचा स्वभावधर्म समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. मला या दोन्ही रीती अन्यायाच्या वाटतात. वृद्धांच्या स्मृतीत स्वतःच्या सरलेल्या तारुण्याचा शोक असतो, हे खरे. परंतु त्या शोकाच्या पोटात पुष्कळदा एका सार्वजनिक वस्तूच्या लोपाची साक्षही दडलेली असते. शोक हा ज्याचा त्याचा खाजगी विषय आहे. साक्ष मात्र साऱ्या नगराच्या मालकीची आहे, आणि ती एखाद्या कैफियतीप्रमाणे नोंदवून घेऊन, तपासून, तिच्यावर निवाडा करणे हे नगराचे कर्तव्य आहे. फिनिक्सच्या वृद्धांची साक्ष मी अशा दृष्टीने वाचू लागतो तेव्हा संत्री, कालवे आणि ओसरीवरच्या रात्री या तिन्ही आठवणींच्या मुळाशी मला एकच गोष्ट आढळते: उष्ण प्रदेशात माणसांनी सामायिक ठेवलेला गारवा.

हा गारवा निसर्गदत्त नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जेथे वर्षाकाठी सात-आठ इंच पाऊस पडतो तेथे संत्र्याची बाग आपोआप उगवत नाही. सॉल्ट नदीच्या या खोऱ्यात होहोकाम लोकांनी सुमारे हजार वर्षे शेकडो मैलांचे कालवे खोदून शेती केली, आणि पंधराव्या शतकात ते कालवे ओस पडले. १८६७ साली जॅक स्विलिंग नावाच्या धाडसी गृहस्थाने त्यांचेच बुजलेले चर उकरून पुन्हा पाणी खेळवले. प्राचीन वस्तीच्या अवशेषांतून उठलेले गाव म्हणून त्याला राखेतून जन्मणाऱ्या पक्ष्याचे नाव मिळाले. पुढे पुरांनी आणि अवर्षणांनी शेतकरी आळीपाळीने नागवले गेले, तेव्हा १९०३ मध्ये खोऱ्यातील जमीनदारांनी एक पाणीसंघ स्थापन केला, आपल्या जमिनी तारण ठेवल्या, आणि संघराज्य सरकारच्या कर्जातून रूझवेल्ट धरण बांधवून घेतले. १९११ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे ज्या हिरव्या फिनिक्सची आठवण वृद्ध काढतात, ते मुळात सहकाराच्या तत्त्वावर, कर्जाच्या आधारावर आणि पाटबंधाऱ्याच्या शिस्तीवर उभे राहिले होते.

त्या शिस्तीचे एक चिन्ह आजही शिल्लक आहे. जुन्या वसाहतींत घराभोवतीच्या अंगणाला मातीचा बांध घातलेला असतो, आणि ठरलेल्या पाळीला कालव्याचे पाणी सोडून सारे अंगण भरून घेतले जाते. मुख्य कालव्याची दारे उघडणारा पाटकरी तेथे सानहेरो या स्पॅनिश नावाने ओळखला जातो. पाळी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठावे लागे, शेजाऱ्याला हाक द्यावी लागे, आणि त्याचे दार आपण उघडे टाकले तर त्याचे अंगण बुडे, हे ध्यानात ठेवावे लागे. पाण्याच्या पाळीने शेजारधर्म शिकवला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. कालव्याकाठची सावली हीदेखील अशाच वहिवाटीची वस्तू होती. कायद्याने ते काठ पाणीखात्याचे होते, पण व्यवहारात ते साऱ्या गावाचे अंगण होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कालव्यांना काँक्रीटचे अस्तर देण्यात आले आणि काठचे वृक्ष तोडले गेले. ते पाणी पितात, आणि यंत्रांच्या वाटेत येतात, हे त्याचे कारण. हिशेब अचूक होता. परंतु वृक्षाने प्यालेले पाणी खर्ची मांडताना त्याने दिलेली सावली जमेस धरली गेली नाही, आणि त्या एका वगळलेल्या रकमेची तूट पुढील पिढ्यांच्या माथी आली.

रात्रीच्या गारव्याची आठवण तर शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. वाळवंटाची जमीन सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते, ओलिताखालील शेत बाष्पीभवनाने आणखी निवते. डांबर आणि काँक्रीट मात्र दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर परत करीत राहतात. बागांच्या जागी वाहनतळ आले, गाव मोटारीच्या वेगाने पसरले, त्यातच साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढत गेले, आणि रात्र निवणे बंद झाले. २०२३ च्या जूनअखेरीपासून फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला. त्या जुलैत एका रात्रीचे किमान तापमान ३६ अंशांच्या खाली उतरले नाही. त्या वर्षी मॅरिकोपा परगण्यात उष्णतेने ६४५ माणसे मरण पावली. त्यांत बेघर माणसांचा भरणा मोठा होता, आणि जी घरात गेली त्यांपैकी बहुतेकांच्या घरचे वातानुकूलन यंत्र बंद होते किंवा मुळात नव्हतेच.

या मृत्यूंपाशी थांबून विचार केला पाहिजे, कारण त्यांत परिवर्तनाचे सगळे मर्म आले आहे. १९३० च्या दशकात ओल्या ताट्यांतून वारा खेचणारे कूलर घरोघरी आले, दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन यंत्रे आली, आणि त्यांच्या बळावर मोटोरोलासारखे कारखाने, १९६० च्या पहिल्या दिवशी खुले झालेले सन सिटी हे निवृत्तांचे नगर आणि लक्षावधी नवी घरे या मरुभूमीत शक्य झाली. या यंत्रांनी असंख्य माणसांना सुख दिले, असंख्य वृद्धांचे प्राण वाचवले, आणि त्यांचा धिक्कार करण्याचा कोणालाही अधिकार नाही. परंतु त्यांनी गारवा ओसरीवरून उचलून बंद खोलीत नेला. जो गारवा पूर्वी काठावर, झाडाखाली, ओसरीवर सर्वांनी मिळून भोगला, तो आता प्रत्येकाने आपापल्या विजेच्या देयकातून विकत घ्यावयाचा झाला. आणि ज्याला तो विकत घेता येत नाही त्याच्यासाठी बाहेरचे जग, त्याच यंत्रांनी ओकलेल्या उष्णतेसह, अधिकच तापले. वृद्ध जेव्हा म्हणतात की पूर्वी लोक बाहेर बसत असत, तेव्हा ते नकळत या स्थित्यंतराची कैफियत मांडत असतात.

पण कैफियत नोंदवून घेणाऱ्याने दुसऱ्या बाजूचीही जबानी घेतली पाहिजे. संत्र्यांच्या परिमळाची आठवण मुख्यतः रेल्वेमार्गाच्या उत्तरेची आहे. दक्षिणेकडे कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची कुटुंबे राहत, कारण उत्तरेकडील कित्येक खरेदीखतांतच त्यांना घर विकू नये अशी अट लिहिलेली असे. १९२६ पासून कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळे हायस्कूल होते. १९५३ मध्ये तेथील न्यायालयाने ही विभागणी अवैध ठरवली, आणि त्यानंतर ते बंद झाले. ज्या जपानी फुलमळ्यांची आठवण सारे गाव प्रेमाने काढते, ते पिकवणाऱ्या समाजाला महायुद्धात काय सोसावे लागले, ते मात्र क्वचितच आठवले जाते: बंदीक्षेत्राची सीमा फिनिक्सच्या रस्त्यांवरूनच आखली गेली, आणि रस्त्याच्या दक्षिणेस राहणारी कुटुंबे नजरकैदेच्या छावणीत गेली, उत्तरेची घरी राहिली. विमानतळाच्या विस्तारासाठी गोल्डन गेट ही मेक्सिकन वस्ती उठवण्यात आली. तेथील सेक्रेड हार्ट चर्च तेवढे मोकळ्या मैदानात उरले, आणि पांगलेले वस्तीकर नाताळाच्या दिवशी तेथे प्रार्थनेसाठी जमू लागले. वर्षातील एका दिवसापुरते आपले गाव परत मिळवणाऱ्या या लोकांची स्मृतीही फिनिक्सचीच स्मृती आहे.

आणि या सर्वांच्या खाली आणखी एक थर आहे. दक्षिणेस हीला नदीकाठी राहणाऱ्या आकिमेल ओओधाम लोकांनी एकोणिसाव्या शतकात इतका गहू पिकवला की कॅलिफोर्नियाच्या वाटेवरील प्रवाशांना आणि सैन्याला ते तो विकीत असत. वरच्या अंगाला नव्या वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वळवले, आणि शतक संपण्यापूर्वी या शेतकऱ्यांच्या नशिबी उपासमार आली. त्यांनीही आठवण जपली. परंतु त्यांनी ती उसाश्यांत विरू दिली नाही, तिचा दावा केला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या लढ्यातून २००४ साली कायदा होऊन त्यांच्या समाजाला वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला. कोलोरॅडो नदीपासून ३३६ मैलांचा कालवा खणून जे पाणी नगरांसाठी आणले गेले, त्याच्याही मोठ्या वाट्याचे ते आज धनी आहेत. स्मृतीने केवळ हळहळत न राहता हक्काची भाषा बोलली तर काय साध्य होते, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

येथे नव्याने येणाऱ्यांचाही प्रश्न उपस्थित होतो. संगणकाच्या सूक्ष्म चकत्या घडवणाऱ्या कारखान्यांमुळे गेल्या काही दशकांत येथे आलेल्यांत मराठी कुटुंबेही आहेत, आणि त्यांच्या मुलांना हेच गाव जन्मभूमी म्हणून आठवेल. प्रत्येक पिढीला वाटते की आपण आलो तेव्हाचे गाव खरे, आणि आपल्यानंतर जे आले त्यांनी ते बिघडवले. हा समज जितका स्वाभाविक तितकाच निष्फळ आहे. ज्याने संत्र्याची बाग मोडून झालेल्या घरात बालपण काढले, त्याने बाग मोडल्याचा दोष पलीकडच्या नव्या वसाहतीला देऊ नये. नवागताला दूर सारण्यासाठी वापरलेली आठवण ही मत्सराचे शस्त्र बनते. तीच त्याच्या हाती सोपवली तर तो त्या नगराचा वारस होतो.

मग या कैफियतीवर निवाडा काय? गेलेले परत आणा, असा तो असू शकत नाही; संत्र्यांच्या बागांना लागणारे पाणी आज कोणीही देऊ शकणार नाही. १९८० च्या भूजल कायद्याने या खोऱ्यातील नव्या वसाहतीला शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवणे बंधनकारक केले, आणि २०२३ मध्ये केवळ भूजलावर विसंबणाऱ्या वसाहतींना नव्या हमीपत्रांचे दार बंद झाले. मर्यादा आता उघड झाली आहे. परंतु सावलीला बागेइतके पाणी लागत नाही; पालो व्हर्डे, मेस्किट यांसारखे वाळवंटाचेच वृक्ष अल्प पाण्यावर ती देतात. नगरपालिकेने २०१० मध्ये, २०३० पर्यंत नगराचा एक-चतुर्थांश भाग वृक्षछायेखाली आणण्याची योजना संमत केली, आणि २०२१ मध्ये उष्णतानिवारणासाठी स्वतंत्र खाते स्थापिले. सावली वाढवण्याचे काम प्रथम कोठे व्हावे, याचे उत्तर वृद्धांच्या साक्षीतच आहे: कालव्यांच्या सार्वजनिक काठांवर, बसच्या थांब्यांवर, शाळेच्या वाटांवर, आणि त्यातही प्रथम त्या दक्षिण व पश्चिम भागांत, जेथे सावली आजही सर्वांत विरळ आहे आणि जेथील लोकांना जुन्या हिरव्या गावातही तिचा पुरता वाटा मिळाला नव्हता.

स्मृतीचा खरा सन्मान जे होते ते तसेच पुन्हा उभारण्याने होत नाही. त्यात जे चांगले होते ते ज्यांना पूर्वी नाकारले गेले त्यांच्यापर्यंत पोचवण्याने होतो. फिनिक्सच्या जुन्या लोकांना कालव्याकाठची सावली आठवते, याचे मोल त्यांच्या सुखात नाही. उष्ण प्रदेशातही माणसांना गारवा वाटून घेऊन राहता येते, हे एकदा सिद्ध झाले आहे, याचा तो पुरावा आहे. जे एकदा, अपुऱ्या न्यायाने का होईना, साध्य झाले, ते अधिक न्यायाने पुन्हा साध्य करण्यास कोणत्याही नगराने असमर्थता सांगू नये.