निचरा

मनात वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेले दुःख कुणी एकदाचे बोलून टाकले, की त्याच्या भावनांचा निचरा झाला असे आपण म्हणतो. आणि हा प्रयोग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की 'निचरा' हा शब्द मानसशास्त्राच्या ग्रंथात येण्यापूर्वी शेतकऱ्याच्या बांधावर राबत होता, याचे स्मरण शहरातल्या सुशिक्षिताला सहसा होत नाही. ते व्हावयाचे असेल, तर त्याने बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागावे, काटेवाडी मागे टाकावी आणि भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या शेजारी, नीरा डाव्या कालव्याच्या काठी असलेल्या सणसर गावी घटकाभर उतरावे. दुतर्फा ऊस उभा असतो आणि पाटाने पाणी चाललेले असते, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की या मुलखाचे सगळे सुख पाण्यात आहे; पण शेताच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, की मुलखाचे एक दुखणेही पाण्यातच असल्याचे ध्यानात येते.

हा प्रदेश मूळचा अवर्षणाचा. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने सरकारला जी जाग आणली, तिच्यातून या भागातल्या पाटबंधाऱ्यांच्या कामांना वेग आला आणि १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या शिवारांतून खेळू लागले. जेथे ज्वारी-बाजरीची शाश्वती नव्हती तेथे ऊस आला, उसाबरोबर पैसा आला, आणि त्यांच्या मागोमाग, कुणी बोलावले नसता, काही शेतांच्या सखल भागांवर मिठासारखा पांढरा थरही आला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली त्यावर एक पत्रिकाच प्रसिद्ध केली. कारण असे, की कालव्याचे आणि पिकाला दिलेले पाणी जमिनीत मुरत राहते, खालून पातळी वर चढते, चढताना ते पाणी खालच्या थरातले क्षार आपल्यासवे घेऊन येते, आणि उन्हाने पाणी उडून गेले की क्षार मात्र मुळांपाशी ठाण मांडतात. जमीन चोपण होते. पावसात चिकट आणि उन्हात दगडासारखी. पाणी जीवनदायीच असते, परंतु त्याला खाली जावयास वाट नसली म्हणजे तेच पाणी जमिनीला नासवते.

यावर शेतकरी चर काढतो. जमिनीच्या उताराचा अंदाज घेऊन तो खोल खणतो, मुरलेल्या पाण्याला त्यात उतरू देतो आणि ते ओढ्यापर्यंत नेऊन सोडतो. मात्र या कामात एक अडचण अशी असते, जी कोणत्याही पत्रिकेपेक्षा मामलेदार कचेरीच्या दप्तरात अधिक सापडावी : ओढा आपल्या बांधाला लागून क्वचितच असतो, आणि मग आपल्या शेतातला चर खालच्या शेजाऱ्याच्या शेतातून न्यावा लागतो. त्याने संमती दिली तर निचरा होतो. त्याने हद्दीवर माती ओढली, तर आपण कितीही खोल खणले तरी पाणी जागच्या जागी तुंबते. निचरा एकट्याला करता येत नाही, ही गोष्ट सणसरच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. आजच्या एका विचारप्रवाहाला मात्र ती शिकवावी लागेल असे मला वाटते.

तो प्रवाह म्हणजे ऊर्जा-उपचारांचा. जपानात मिकाओ उसुई यांनी १९२२ साली सुरू केलेली रेकी, फिलिपिन्समधून आलेले प्राणिक हीलिंग, चक्रशुद्धीची शिबिरे, यांची पाटी आता मोठ्या शहरांतच दिसते असे राहिलेले नाही. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे, की गिळलेला राग, न रडलेले रडणे आणि न बोललेला अपमान हे शरीरातल्या प्राणशक्तीच्या वाटेत गाठी होऊन बसतात, आणि उपचारकाने तळहात अंगापासून वीतभर अंतरावर फिरविले असता त्या सुटतात. आपल्या कानांना हे परके वाटत नाही. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नमय कोशाच्या आत प्राणमय कोश कल्पिला आहे, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे वर्णन आहे, आणि आपली आजीही 'पोटात ठेवू नकोस, अंगावर निघेल' असे बजावीत आलेली आहे.

परंतु एखादी कल्पना ओळखीची वाटणे हा तिच्या सत्यतेचा दाखला नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या वैद्याने प्राण्यांच्या अंगी वाहणाऱ्या चुंबकीय द्रवाचा सिद्धांत मांडला. त्याच्या दालनात रोगी थरथरत, रडत, किंचाळत आणि हलके होऊन घरी जात. १७८४ साली राजाने नेमलेल्या समितीने, जिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए यांच्यासारखी माणसे होती, या द्रवाची रीतसर तहकीकात केली. फ्रँकलिनच्या बागेतले एक झाड मंत्रवल्यासारखे 'चुंबकित' करण्यात आले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. तो मूर्च्छित पडला खरा, पण ज्या झाडाला कुणी हातही लावला नव्हता त्याच्यापाशी. दोनशेहून अधिक वर्षांनी, १९९८ साली, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एमिली रोझा या शाळकरी मुलीचा प्रयोग छापून आला. पडद्याआडून तिने आपला हात उपचारकाच्या कोणत्या हाताजवळ धरला आहे, एवढेच ओळखावयाचे होते. एकवीस उपचारकांनी २८० वेळा सांगितले आणि १२३ वेळा ते बरोबर आले. नाणे उडवून निवाडा केला असता, तरी याहून बरा झाला असता.

म्हणजे द्रव नव्हता आणि ऊर्जाही सापडली नाही. तरीही फ्रँकलिनच्या समितीला एक गोष्ट नाकारता आली नाही, आणि आपणही ती नाकारू नये : तो मुलगा पडला होता. मेस्मरच्या दालनात रडलेली बाई खरोखरच रडली होती, आणि रेकीच्या चटईवर आज जिला हुंदका फुटतो तिचा हुंदका खोटा नसतो. कारण खोटे आणि परिणाम खरा असे जेथे आढळते, तेथे शहाण्या माणसाने परिणामाची टर न उडविता खऱ्या कारणाचा शोध घ्यावा.

पहिले उत्तर असे सुचते, की कोंडलेले ते फुटले, म्हणून बरे वाटले. व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर आणि त्यांचे तरुण सहकारी फ्रॉइड यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच कल्पनेला शास्त्रीय रूप दिले. ब्रॉयरची जी रुग्ण त्या ग्रंथात टोपणनावाने आली आहे, तिने आपल्या बोलण्याला विनोदाने 'धुराडे साफ करणे' असे नाव दिले होते. थंड मुलखातल्या माणसाला धुराडे आठवले, आपल्याला चर आठवतो. मात्र त्या उपचारानंतरही तिला आरोग्यधामात राहावे लागले होते, आणि पुढे फ्रॉइडनेही ही उद्रेकाची पद्धत सोडून आठवणींच्या सावकाश मशागतीचा मार्ग धरला. ती स्त्री, बेर्टा पापेनहाइम, उत्तरायुष्यात निराधार स्त्रिया आणि मुली यांच्यासाठी झटणारी मोठी कार्यकर्ती झाली, ही हकिकत मला त्या ग्रंथातल्या सिद्धांताहून अधिक बोलकी वाटते.

आपल्या पुणे जिल्ह्यातही उद्रेकाचे एक जगप्रसिद्ध पीठ झाले. १९७४ पासून कोरेगाव पार्कात आचार्य रजनीशांच्या आश्रमात जे सक्रिय ध्यान चाले, त्यात वेगवान श्वासोच्छ्वासानंतरची दहा मिनिटे साधकाला रडण्या-ओरडण्याची, नाचण्या-हसण्याची पूर्ण मुभा असे. पाहुण्यांना आणि वर्तमानपत्रांना तेवढाच भाग दिसला. त्याच्यामागून पंधरा मिनिटे निश्चल मौन असते, हे मात्र कुणी फारसे सांगितले नाही. आणि नुसत्या आदळआपटीने राग ओसरत नाही, उलट अपमान करणाऱ्याचे चित्र मनात धरून पिशवीवर ठोसे मारणारा अधिकच चिडतो, असे अमेरिकेतल्या बुशमन या मानसशास्त्रज्ञाच्या २००२ सालच्या प्रयोगात आढळले. कालव्याकाठच्या माणसाला याचे आश्चर्य वाटणार नाही. कालव्याला भगदाड पडले म्हणून शेताचा निचरा झाला, असे कुणी म्हणत नाही. त्याने माती वाहून जाते आणि क्षार जेथल्या तेथे राहतात.

मग निचरा होतो कसा? आपल्या बायकांना याचे उत्तर फार पूर्वी गवसले होते आणि त्यांनी ते पहाटेच्या अंधारात जात्यापाशी बसून वापरले. सासरचा जाच, माहेरची ओढ, दूरच्या भावाची वाट, गेलेले मूल, असे जे दिवसाउजेडी घरात उच्चारण्याची सोय नव्हती, ते दळताना ओवीत येई. हात खुंट्यावर, देह लयीत, समोर दुसरी बाई. ती पुढची ओवी जोडून देई आणि कोण कुणाविषयी बोलले याचा जाब कुणी मागत नसे, कारण गाऱ्हाणे जात्याला घातलेले असे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी खोऱ्यापासून आरंभ करून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढ्या मोठ्या संग्रहाचा अर्थ माझ्या मते असा, की घरोघर चर खणलेला होता आणि तो दररोज वाहत होता. पुढे गावात गिरणी आली, बायकांच्या पाठीचे कष्ट वाचले आणि ते वाचलेच पाहिजेत. पण त्याबरोबर तो चर बुजला, आणि त्याच्या जागी दुसरा खणावयास हवा, हे मात्र कुणाला सुचले नाही. ज्या सुनेला एरवी तोंड वर करण्याची मुभा नव्हती, ती अंगात देवी आली म्हणजे सासूला अरेतुरे करी आणि सासू तिच्या पाया पडे. वाट बुजली असता पाणी कोठून फुटते, त्याचे हे एक उदाहरण.

आणि सणसरची स्वतःची एक वाट आहे. आषाढी वारीला निघालेली तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीला येते; तेथे परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि सायंकाळी पालखी सणसरला विसावते. दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण. ज्याच्या पादुका या पालखीत असतात तो स्वतः दुष्काळात बायको आणि मूल गमावलेला, व्यापारात बुडालेला, देहूचा एक वाणी होता, हे भक्तीच्या भरात आपण विसरतो. त्याने आपल्या शोकाचा स्फोट केला नाही आणि तो गिळलाही नाही. अभंगाच्या मापात बसवून तो इतरांच्या मुखी दिला. साडेतीन शतके लोटली, तरी ते पाणी वाहते आहे.

वारीत माणसे रडतात. अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या पायांवर डोके ठेवतो आणि दोघांचेही डोळे भरून येतात. कशासाठी, हे विचारण्याची तेथे रीत नाही. पण या रडण्याला शिस्त आहे : वीणा कुणाच्या गळ्यात, टाळकरी कुठे, तुळस कुणाच्या डोक्यावर, हे ठरलेले असते, आणि चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा कल्लोळ क्षणात थांबतो. म्हणजे येथे उमाळ्याला बांध आहेत आणि बांधांना उतार आहे. दरवर्षी त्याच तिथीला त्याच वाटेने जावयाचे असल्यामुळे एकाच खेपेत सगळे क्षार धुऊन निघावेत, असा हट्टही नाही. अर्थात ही वाट सर्वांना सारखी मोकळी होती, असे म्हणणे लबाडीचे होईल. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे निरनिराळ्या पंक्तींना जेवतात हे त्यांना सलले, आणि त्यांनी ते स्वच्छ लिहून ठेवले. शेजाऱ्याच्या चरापुढे हद्दीवर माती ओढण्याची सवय आपल्याला जुनीच आहे.

आता ऊर्जा-उपचाराकडे पुन्हा वळलो, तर त्याचे गुण आणि दोष एकाच ठिकाणी दिसतात. जिच्याकडे घरात कुणी मान वर करून पाहिलेले नाही, अशा बाईला तेथे एक माणूस तासभर शांतपणे लाभतो. तो घाई करीत नाही, तिला खोडून काढीत नाही. त्या तासापुरता तो तिच्या खालच्या शेताचा शेजारी होतो आणि आपल्या रानातून चर काढू देतो. गुण आला असेल तर तो या संमतीचा. पण उपचारक श्रेय देतो अदृश्य शक्तीला, आणि त्यामुळे बाईला कळतच नाही की असा शेजार तिला बहिणीपाशी, मैत्रिणीपाशी, क्वचित नवऱ्यापाशीही मिळू शकला असता. दुसरा दोष याहून गंभीर आहे. 'तुमच्या मनातल्या गाठीमुळेच हा रोग झाला' असे एखाद्या कर्करोग्याला सांगणे म्हणजे त्याच्या दुखण्यावर गुन्ह्याचे कलम लावणे होय. चोपण जमिनीला कित्येकदा चराबरोबर जिप्समही घालावे लागते, आणि ते किती, हे माती तपासून ठरते. तसेच कित्येक मनांना औषध लागते, आणि ते मानसोपचारतज्ज्ञाने तपासून द्यावयाचे असते. चर की जिप्सम, असा वाद कुठलाही समंजस शेतकरी घालीत नाही.

पालखी बेलवाडीकडे निघून गेली, की सणसरच्या माळावर तुडवलेले गवत आणि विझलेल्या चुली राहतात, आणि शिवारात ज्याचे त्याचे काम पुन्हा सुरू होते. कुणा एकाच्या रानातल्या चरातून खारट, गढूळ पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून ओढ्याला लागते. ओढा नीरेला मिळतो, नीरा याच तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरते, आणि तीच भीमा पुढे पंढरपुराला चंद्रभागा म्हणून वाहते. दिंडीतला माणूस आठवडाभराने त्या वाळवंटात उतरून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतो. त्यात सणसरच्या कुठल्याशा शेताने टाकून दिलेले थोडे मीठ असेल, आणि ज्याच्या बांधाखालून ते आले त्या शेजाऱ्याची संमतीही असेल.