डोंगर पुन्हा हिरवा होतो

दिवाळीच्या अंकात वणव्याची गोष्ट काढली तर घरातील वडीलधारी मंडळी भुवया उंचावतील. पण विस्तव तोच आहे. पणतीत असला की आपण त्याला हात जोडतो, चुलीत असला की त्याच्यावर जेवतो, आणि डोंगराला लागला की कूस बदलून झोपतो. शिवाय ही आठवण काढायला दिवसही योग्य आहेत. दिवाळीत आमच्या भोर-वेल्ह्याकडचे डोंगर पाहावेत. रायरेश्वराच्या उतारापासून राजगड-तोरण्याच्या सोंडांपर्यंत गवत पिकून पिवळेधमक होऊ लागलेले असते. पाहणाऱ्याला सुख वाटते. पण माघ-फाल्गुनात पेटते ते हेच सोने.

आमच्याकडचा वणवा सहसा आभाळातून पडत नाही. वीज येते ती वळवाची सर बरोबर घेऊन, म्हणून विजेने लागलेली आग क्वचितच पसरते. बाकीचे बहुतेक वणवे माणसाच्या हातचे. कोणी बांध जाळताना, कोणी मधाच्या पोळ्याला धूर देताना, कोणी विडीचे थोटूक टाकून, तर कोणी गडावर हौसेने चूल मांडून डोंगर पेटवतो. आणि पुष्कळ वेळा तो जाणूनबुजून पेटवला जातो, गवतासाठी.

एका वर्षी मी वर्गाला वणव्यावर निबंध लिहायला सांगितला. पुस्तकी पोरांनी ‘वने ही राष्ट्राची संपत्ती’ वगैरे लिहिले. वरच्या वाडीतल्या एका मुलाने मात्र चारच ओळी लिहिल्या : ‘आमचा आजा दर साली डोंगर पेटवतो. जुने गवत जळाले की कोवळे येते. ते गुरे खातात. डोंगर मरत नाही, पावसात पुन्हा हिरवा होतो.’

त्या आज्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या बोलण्यात खोटे काय आहे? वाळून कडक झालेले काड जनावर तोंडात धरत नाही. ते जळून गेले की नवे फुटवे मोकळे होतात. कुसळी गवताचे बी तर मुलखाचे हुशार. मुलांच्या विजारींना टोचते तेच हे कुसळ. ओल लागली की त्याची शेपटी पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते, आणि तसे करत करत बी जमिनीत शिरून बसते. वरून ज्वाला पळत जाते, दोन बोटे खाली मातीत तिची धग फारशी पोचत नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, भेगाळलेली; तोही तगतो. पळस जळाला तरी मुळांतून पुन्हा फुटतो. तेव्हा डोंगर हिरवा होतो, हे खरेच आहे.

फक्त प्रश्न एवढाच, की परत येतो तो कोण? कुसळ येते, ऐन येतो, पळस येतो. जांभळाचे, अंजनीचे, पिशाचे वीतभर रोप येत नाही. ज्वालेच्या वर डोके काढायला रोपाला काही वर्षे लागतात, आणि दर साली आग आली तर ती वर्षे त्याला मिळतच नाहीत. जुने झाड उभे राहते, त्याची नातवंडे मात्र राहत नाहीत. ते पडले की जागा गवताची होते, आणि गवत वाढले की पुढचा वणवा आणखी सोपा. उघड्या मातीवर घाटमाथ्याचा पाऊस कोसळतो आणि ती माती ओढ्याओढ्यांनी खाली भाटघरच्या पाण्यात जाते. एका वर्षात काहीच बदललेले दिसत नाही. दोन पिढ्यांत डोंगर निराळा होतो.

मी त्या मुलाच्या वहीत लिहिले : ‘हिरवा होतो, हे बरोबर. कोण परत आले नाही, ते आजोबांना विचार.’ दोन दिवसांनी तो सात झाडांची नावे घेऊन आला. त्यांतली दोन त्याने जन्मात पाहिली नव्हती.

आग हे मुळातच पाप, असे मला म्हणायचे नाही. अमेरिकेत यलोस्टोनच्या अरण्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग 1988 साली आगीच्या तडाख्यात सापडला. तिथल्या एका जातीच्या पाइन वृक्षाची पुष्कळ फळे राळेने घट्ट मिटलेली असतात आणि धगीनेच उघडतात. ते रान आगीतून नव्याने उगवले. पण तिथे दोन मोठ्या आगींमध्ये शंभर-शंभर वर्षांचे, कधी त्याहून मोठे अंतर असते. आमच्याकडे भाताचा राब भाजतात, तोही विस्तवच. पण तो वाफ्यापुरता असतो, आणि भाजणारा तो विझेपर्यंत तिथे उभा राहतो. दोष आगीत नाही. सावरायला वेळ न देण्यात आणि पेटवून घरी निघून जाण्यात आहे.

महाभारतात खांडववन जळाले, त्यातून वाचलेले सहाच जीव सांगितले आहेत : अश्वसेन नाग, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. जळालेल्यांची गणती कोण करणार? वाचलेल्या मयाने पुढे सभा बांधली, आणि आपण तिचे कौतुक ऐकत आलो.

शाळामास्तराला हा हिशेब रोज दिसतो. गावातली चांगली शिकलेली माणसे शाळेत येतात आणि अभिमानाने सांगतात, ‘आम्ही छड्या खाल्ल्या, आमचे काय बिघडले?’ त्यांचे काही बिघडले नाही, हे खरे. ते ऐन होते. पण ज्यांची साल पातळ होती ती पोरे चौथीतच शाळा सोडून गुरांमागे गेली. ती काही सत्काराला येऊन साक्ष देत नाहीत. जे टिकले त्यांना विचारून आगीचा न्याय करता येत नाही.

डोंगराला निदान एक साक्षीदार आहे. आमच्या तालुक्यांत देवराया आहेत. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील अशा देवरायांचा अभ्यास केला. जिथे जुना नियम पाळला जातो तिथे वाळकी काटकीदेखील घरी न्यायची नसते. शेजारच्या उतारावर पाऊस तोच, खडक तोच. पण राईत पाऊल टाकले की पायाखाली पाचोळा ओलसर लागतो आणि अंगावर सावली येते. प्रत्येक उघडा माळ पूर्वी जंगलच होता असे नाही. पण जिथे राई आणि काळा उतार शेजारी उभे असतात, तिथे काय गेले ते कोणी सांगावे लागत नाही.

1927 च्या वन कायद्याने राखीव रानात आग लावणे गुन्हा आहे, आणि मुद्दाम लावलेल्या आगीपायी त्या रानातले चराईचे हक्क सरकार काही काळ बंद करू शकते. म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जळते. त्याच कायद्याने, ज्यांचे रानात हक्क आहेत त्यांनी आग विझवायला धावलेही पाहिजे. पण कायद्याच्या आधी शेजारधर्म आहे. आजा काडी ओढतो, कारण एवढे गवत विळ्याने कापायला त्याच्या हातांत बळ उरलेले नाही. दिवाळीला पोरे शहरांतून घरी येतात. फराळ झाला की चार दिवस त्यांनी विळा घेऊन वर जावे, आजाच्या गंज्या रचून द्याव्यात आणि वनखात्याच्या माणसांबरोबर राईभोवती जाळरेषा काढावी. पोटापुरते गवत घरात आले, तर निदान त्या आज्याला फाल्गुनात काडी ओढायचे कारण उरणार नाही.