हात आणि गूळ

माशी हाती का लागत नाही? दिव्याची लुकलुक सेकंदाला साधारण ६० च्या पुढे गेली की आपल्याला तो सलग जळताना दिसतो. माशीचा डोळा सुमारे २५० पर्यंतची लुकलुक वेगळी ओळखतो. आपला झपाट्याने येणारा हात तिला संथच भासत असावा.

मग बरणीत गूळपाणी घालून तोंडाशी कागदाचे नरसाळे बसवावे. तीच चतुर माशी आपणहून आत उतरते. बाहेरची वाट मात्र तिला गवसत नाही.

उगारलेला हात दुबळ्यालाही दिसतो; गुळामागचा हात दिसत नाही. शाळेतल्या छडीला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आली, ती योग्यच. पण गुळामागचा हात ओळखायला मुलांना आम्ही मास्तर केव्हा शिकवणार?